शब्द ओसाकाचे, हेल टोकियोचा

ओसाकात नोकरीला गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी एक तक्ता तयार केला. डाव्या रकान्यात पुण्याच्या क्लासमध्ये शिकलेली जपानी आणि उजव्या रकान्यात तिचं ओसाकातलं रूप. वाक्याच्या शेवटी ‘दा’ आला की तिथे ‘या’. नकाराच्या ‘नाइ’च्या जागी ‘हेन’. ‘खरंच’ म्हणायला ‘होन्तो’ऐवजी ‘होम्मा’. ‘खूप’साठी ‘मेच्चा’. ‘चालणार नाही’साठी ‘दामे’ सोडून ‘आकान’. आणि वाक्य संपताना जमेल तिथे एक ‘नेन’. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असलं काम सोपं वाटतं. शोधा आणि बदला, झालं! साधी जपानी ओसाकाच्या बोलीत बदलून देणारे असे गमतीचे प्रोग्राम जपानमध्ये बऱ्याच वर्षांपासून आहेतच. मी तोच प्रोग्राम माझ्या तोंडात बसवायला निघालो होतो.

आठवडाभर पाठांतर केलं आणि एका दुपारी जेवणाच्या टेबलावर चार वाक्यं ठोकून दिली. क्षणभर शांतता, मग हशा. चेष्टेचा नव्हता, पण हशाच. माझ्या शेजारी बसणारा सहकारी ओसाकातच जन्मलेला, वाढलेला. तो सावकाश म्हणाला, “शब्द सगळे बरोबर आहेत. पण गाणं टोकियोचं आहे.”

मग त्याने मला एक नवा शब्द दिला. तो माझ्या तक्त्यात नव्हता: ‘एसे-कान्साइबेन’. ओसाका, क्योतो, कोबे, नारा या पश्चिमेकडच्या भागाला कान्साई म्हणतात. ‘बेन’ म्हणजे बोली. आणि ‘एसे’ म्हणजे नकली, सोंगाची. बाहेरच्या माणसाने बोललेल्या कान्साईच्या बोलीला जपानीत असं स्वतंत्र नावच आहे. मी बेळगावचा. बाहेरच्यांनी आपल्या बोलीची नक्कल केली की कसं वाटतं हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी दुसऱ्याच्या गावात जाऊन तेच करत होतो, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पूल की जेवणाच्या काड्या?

‘गाणं टोकियोचं’ म्हणजे काय, हे समजायला मला बरेच दिवस लागले. मराठीत आपण एखाद्या शब्दावर जोर देतो, प्रश्न विचारताना आवाज चढवतो. पण ‘पान’ हा शब्द उंच सुरात म्हटला काय किंवा खालच्या सुरात म्हटला काय, पान ते पानच राहतं. जपानीत तसं नाही. तिथे शब्दातली प्रत्येक मात्रा उंच म्हणायची की खाली, हे त्या शब्दाबरोबरच शिकावं लागतं.

नेहमी दिलं जाणारं उदाहरण ‘हाशी’चं. टोकियोत ‘हा’ उंच आणि ‘शी’ खाली म्हटलं तर त्याचा अर्थ जेवणाच्या काड्या, म्हणजे चॉपस्टिक्स. ‘हा’ खाली आणि ‘शी’ उंच म्हटलं तर पूल. ओसाकात हे नेमकं उलटं आहे. तिथे उंचावरून खाली आलात तर पूल, खालून वर गेलात तर काड्या. आणि दोन्ही मात्रा उंच ठेवल्यात तर तिसराच अर्थ, कडा किंवा टोक.

गंमत म्हणजे ओसाका हे पुलांचंच शहर. या शहराच्या आठशे आठ पुलांची म्हण जुनी आहे. शिन्साइबाशी, योदोयाबाशी, निप्पोनबाशी या भागांच्या नावांतला ‘बाशी’ म्हणजे हाच ‘हाशी’. एकदा उदोनच्या दुकानात मी क्लासमधल्या शुद्ध टोकियो सुरात ‘हाशी’ मागितली. काड्या लगेच आल्या, कारण उदोन खायला बसलेला माणूस पूल मागत नाही हे सगळ्यांना कळतं. पण माझा सहकारी खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, “पूल तिकडे आहे, नदीवर.”

फरक एकेका शब्दापुरता असता तर पाठ करता आला असता. पण इथे सगळी चौकटच वेगळी आहे. टोकियोच्या बोलीत पहिली आणि दुसरी मात्रा कधीच एका उंचीवर नसते. पहिली उंच असेल तर दुसरी खाली, पहिली खाली असेल तर दुसरी उंच. ओसाकात असा नियम नाही. तिथे काही शब्द पहिल्यापासून उंच सुरू होऊन तसेच उंच राहतात. काही खाली सुरू होतात आणि बराच वेळ खालीच चालतात. आपल्याला सगळ्यांना माहीत असलेला ‘आरिगातो’ घ्या. टोकियोत ‘रि’ वर जातो आणि मग आवाज उतरतो. ओसाकात ‘आरिगा’ खालीच राहतं आणि आवाज चढतो तो ‘तो’वर. घरी एकदा मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे माझी अडचण कळेल.

टोकियोच्या माणसाने ओसाकाचे शब्द उचलले तरी त्याची जीभ सवयीने दुसऱ्या मात्रेवर चढते. त्याच्या कानाला हे कळत नाही. ओसाकाच्या कानाला पहिल्याच वाक्यात कळतं.

नक्कल कुठे पकडली जाते

नंतर मी या विषयाचा नादच घेतला. टीव्हीवर कुणी कान्साईची बोली बोलू लागलं की सहकाऱ्याला विचारायचो, “हा खरा की एसे?” तो एकदाही अडखळला नाही. कसं ओळखतोस विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही. मग दोघांनी मिळून शोधलं.

पहिली खूण म्हणजे ‘नेन’. बाहेरच्याला वाटतं की कुठल्याही वाक्याला ‘नेन’ लावला की ओसाका झाली. पण ‘नेन’ला स्वतःचं काम आहे. आपण एखादी गोष्ट समजावून सांगतो किंवा त्यामागचं कारण सांगतो, तेव्हा तो येतो. ‘जाणार का?’ असा साधा हो-नाहीचा प्रश्न ‘इकु नेन?’ असा विचारला जात नाही, ओसाकाचा माणूस ‘इकुन?’ म्हणतो. माझ्या चार वाक्यांपैकी एक नेमकं असंच होतं.

दुसरी खूण एका मात्रेच्या शब्दांची. टोकियोत डोळ्याला ‘मे’, हाताला ‘ते’, झाडाला ‘कि’ म्हणतात. कान्साईत हे शब्द लांबतात, ‘मेए’, ‘तेए’, ‘किइ’. नक्कल करणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण छापलेल्या शब्दात ते दिसत नाही.

तिसरी खूण शिळ्या शब्दांची. ‘मोकारिमाक्का’ म्हणजे ‘धंदा बरा चाललाय ना?’ आणि त्यावर ‘बोचिबोचि देन्ना’ म्हणजे ‘चाललंय आपलं’. ओसाकाचे लोक एकमेकांना असेच भेटतात, अशी बाकीच्या जपानची समजूत आहे. माझ्या ऑफिसात तीन वर्षांत हे कुणी मनापासून म्हटलेलं मी ऐकलं नाही. थट्टेत मात्र ऐकलं, आणि तेही टोकियोहून आलेल्या पाहुण्यासमोर.

चौथी खूण सरमिसळीची. कान्साई ही एकच बोली नाही. ‘करतोय’ला ओसाकात ‘शितेरु’ म्हणतात, तर कोबेकडे ‘शितोउ’ ऐकू येतं. क्योतोत आदरासाठीचा ‘हारु’ इतका सहज लागतो की घरच्या माणसांबद्दल, अगदी मांजराबद्दल बोलतानाही तो येतो. नक्कल करणारा हे सगळं एकाच वाक्यात घालतो. एखाद्याने बेळगाव, कोल्हापूर आणि मालवण एका वाक्यात कोंबावं, तसं ते ऐकू येतं.

एक चूक मात्र मराठी माणसालाच कमी सतावेल. जपानीत ‘जिबुन’ म्हणजे ‘स्वतः’. पण कान्साईत बरोबरीच्या माणसाला ‘तू’ म्हणायलाही ‘जिबुन’ वापरतात. बाहेरचे गोंधळतात. मला ते लवकर उमगलं, कारण आपलं ‘आपण’ही असंच आहे. कधी स्वतः, कधी आपण सगळे, कधी समोरचा. फरक एवढाच की आपल्या ‘आपण’मध्ये आदर असतो आणि त्यांच्या ‘जिबुन’मध्ये सलगी. हे लक्षात न घेता मी एकदा वरिष्ठांना ‘जिबुन’ म्हटलं होतं. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

हसवणारा, चिक्कू आणि खादाड

पण लोक नक्कल करतात तरी कशासाठी? याचं मूळ खूप मागे आहे. ओसाका-क्योतोचा हा भाग पूर्वी ‘कामिगाता’ म्हणून ओळखला जाई, आणि क्योतोची बोली बराच काळ प्रतिष्ठेची होती. पुढे एदो म्हणजे आजचं टोकियो वाढलं आणि पारडं फिरलं. शिकितेई सांबा या लेखकाचं ‘उकियोबुरो’ हे सार्वजनिक न्हाणीघरातल्या गप्पांचं विनोदी पुस्तक 1809 ते 1813 या काळात आलं. त्यात कामिगाताची एक बाई आणि एदोची एक बाई एकमेकींच्या बोलण्यावरून वाद घालतात. म्हणजे ही चेष्टा दोनशे वर्षांहून जुनी आहे.

1868 मध्ये एदोचं टोकियो झालं. 1904 पासून देशभर सरकारी पाठ्यपुस्तकं आली आणि 1925 मध्ये रेडिओ सुरू झाला. टोकियोच्या सुशिक्षितांची बोली ‘प्रमाण’ ठरली आणि बाकीच्या सगळ्या ‘बोली’ झाल्या. ओकिनावात तर शाळेत स्वतःच्या भाषेत बोललेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. ओसाकावर अशी वेळ आली नाही. तिच्याकडे व्यापार होता आणि विनोद होता. 1912 मध्ये सुरू झालेल्या योशिमोतो कंपनीने ओसाकाच्या ‘मानझाई’ला, म्हणजे दोघांच्या विनोदी जुगलबंदीला, मोठं केलं. 1980 च्या सुमारास मानझाईची लाट टीव्हीवर आली आणि ओसाकाची बोली घराघरांत पोचली. ‘मेच्चा’ आज जपानभर चालतो.

पण बोली पोचली ती विनोदाच्या वेशात. ओसाका विद्यापीठात शिकवलेले भाषाशास्त्रज्ञ किन्सुई सातोशी यांनी 2003 च्या आपल्या पुस्तकात ‘याकुवारिगो’ म्हणजे ‘भूमिकेची भाषा’ ही कल्पना मांडली. गोष्टीत किंवा कॉमिक्समध्ये एखादं पात्र ठरावीक पद्धतीने बोललं की वाचक त्याचा स्वभाव लगेच ठरवून टाकतो. कान्साईची बोली बोलणारं पात्र म्हणजे गमत्या, बडबड्या, पैशाला चिकट, खादाड, नाहीतर गुंड. नक्कल करणारा शब्दांबरोबर हा स्वभावही उचलतो आणि समोरच्या खऱ्या माणसावर लादतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, त्या सहकाऱ्याकडून कळलं. त्याची पहिली नोकरी टोकियोत होती. माणूस अबोल, मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय बोलणार नाही. पण प्रत्येक पार्टीत त्याला म्हणायचे, “तू ओसाकाचा ना? काहीतरी गमतीचं बोल की!” कुणीतरी त्याच्याच बोलीत त्याला ‘नान्देयानेन’ म्हणून टपली मारायचं, अर्थात चुकीच्या सुरात. तो हसायचा. मी विचारलं, का हसायचास? तो म्हणाला, “हसलो नाही तर लोक म्हणतील, ओसाकाचा असून विनोद कळत नाही.” वर्षभरात त्याने ऑफिसात प्रमाण जपानी बोलायला सुरुवात केली.

मी काही बोललो नाही. माझीही गोष्ट तीच होती.

पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा एका मीटिंगमध्ये माझ्या तोंडून ‘काय करायलास’ निघून गेलं. दुसऱ्या दिवसापासून मी ‘रावसाहेब’ झालो. पु. ल. देशपांड्यांच्या ‘गणगोत’मधले रावसाहेब आम्हा बेळगावकरांच्या जिव्हाळ्याचे. पुलंनी ती कानडी वळणाची मराठी आधी प्रेमाने ऐकली होती, मगच कागदावर उतरवली. पण ऑफिसातल्या पोरांनी बेळगाव ऐकलं नव्हतं, त्यांनी फक्त रावसाहेब ऐकले होते. प्रत्येक वाक्यामागे एक ‘की’ लावला की त्यांचं बेळगाव पूर्ण. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. मीही वार्षिक कार्यक्रमात ‘रावसाहेब स्टाईल’ बोलून टाळ्या घेतल्या. त्यानंतर मात्र ऑफिसात ती बोली कधी काढली नाही.

सूर शिकवणारे शिक्षक

मग बाहेरच्याने दुसऱ्याची बोली बोलूच नये का? जपानी टीव्हीकडे याचं एक चांगलं उत्तर आहे. एनएचके वाहिनीवर 1961 पासून सकाळची मालिका चालते. गेली अनेक दशकं वर्षातली एक मालिका टोकियोचं केंद्र करतं आणि दुसरी ओसाकाचं. कथा ज्या भागातली असेल त्या भागाच्या बोलीसाठी खास शिक्षक नेमतात, आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव येतं. संवाद त्या भागातल्या सुरात ध्वनिमुद्रित करून नटाला देतात. नट ते गाणं बसवावं तसं बसवतो. तिथे शब्दांचा तक्ता पुरत नाही.

2013 ची ‘आमाचान’ ही मालिका मी तिथे असताना पुन्हा बघितली. तिची नायिका टोकियोची मुलगी. ती उत्तरेकडच्या इवाते भागात आजीच्या गावी जाते आणि तिथली बोली इतकी उचलते की टोकियोत परतल्यावरही सोडत नाही. आश्चर्य वाटलं की ‘जेजेजे’ म्हणायचं, हे त्या वर्षी देशभर गाजलं. ही भूमिका करणारी नोनेन रेना मूळची कान्साईतल्या ह्योगोची! म्हणजे कान्साईची मुलगी टोकियोची मुलगी झाली आणि त्या टोकियोच्या मुलीने इवातेची बोली घेतली. तरी लोकांना ते आवडलं. नायिका ती बोली कुणाला हसण्यासाठी बोलत नाही, तिला तिथलं व्हायचं असतं म्हणून बोलते.

तानाका युकारी या अभ्यासक 2011 च्या पुस्तकात याला ‘बोलीचा वेश’ म्हणतात. आजची तरुण मुलं टोमणा मारायचा असला की कान्साईची बोली घेतात, भोळेपणा दाखवायचा असला की उत्तरेची आणि रुबाब दाखवायचा असला की क्युशूची. पूर्वी बोलीची लाज वाटायची, आता ती हौसेने अंगावर चढवतात. हे लाजेपेक्षा बरंच म्हणायचं. पण वेश काढून ठेवता येतो. ज्याची ती बोली आहे त्याला ती काढून ठेवता येत नाही, किंवा माझ्यासारखी काढून ठेवली तर ती पुन्हा सहज अंगाला बसत नाही.

तक्ता मी पुसून टाकला. त्याऐवजी सहकाऱ्याकडून एकच शब्द नीट शिकलो, ‘आरिगातो’, त्यांच्या सुरात. रोज उदोनच्या दुकानातून निघताना तेवढा एकच म्हणायचो. सहा महिन्यांनी दुकानातल्या मावशींनी विचारलं, “ओसाकात किती वर्षं झाली?” एवढं मोठं प्रशस्तिपत्रक मला कुठल्याही परीक्षेने दिलेलं नाही.

आता परत आलोय. आपल्या मंडळाच्या ग्रुपवर हल्ली तरुण मंडळी आजी-आजोबांच्या बोलण्याच्या रील टाकतात. काही फारच छान असतात. काहींत मात्र आपलीच पोरं आपल्याच घरातल्या बोलीला पुण्या-मुंबईच्या सुरात बोलून हसतात. म्हणजे नक्कल करणारे बाहेरचे आता आपणच. मी त्यांना नावं ठेवत नाही. का, ते सांगतो.

गेल्या महिन्यात आज्जीला फोन केला. ठरवलं होतं, आज तिच्याशी तिच्या मराठीत बोलायचं, लहानपणी बोलायचो तसं. ‘काय करायलास आज्जी, जेवलीस काय, पाऊस हाय काय तिकडं,’ सगळं जमवून बोललो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आज्जी म्हणाली, “काय रे, त्या रावसायबागत कशाला बोलायलास? नीट बोल की!”

शब्द सगळे बरोबर होते. हेल पुण्याचा होता.

आता दर रविवारी फोन करतो. मी कमी बोलतो, तिला बोलू देतो.